सिनेमा गावाला केव्हा पोहोचतो?

‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ हा प्रांत नकाशावरून केव्हाच पुसला गेला. १९०३ साली इंग्रजांनी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. शाळेच्या भूगोलात त्या जुन्या प्रांताचे नाव आता सापडायचे नाही. पण एका धंद्यात ते अजून जिवंत आहे, आणि तो धंदा सिनेमाचा. चित्रपट वाटणारे व्यापारी, म्हणजे वितरक, देशाचे जे विभाग पाडतात त्यांतला एक ‘सी.पी. बेरार’. आपले यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा हे सारे त्याच विभागात. मुंबईचा विभाग निराळा.

हे नाव नुसते गंमत म्हणून राहिलेले नाही. कोणता चित्रपट कोणत्या गावी, कोणाच्या हातून आणि किती दिवसांनी पोहोचायचा, हे ठरवण्यासाठी ही वाटणी झाली होती. आणि आज आपल्याला नेमका तोच प्रश्न पाहायचा आहे. चित्रपट चित्रपटगृहात लागल्यावर किती दिवसांनी तो घरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर यावा? तो लवकर आला तर टाकीजवाल्याचा गल्ला खरोखर बुडतो काय? हल्ली इंटरनेटवरून घरी चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांना ‘ओटीटी’ म्हणतात. शब्द नवा आहे, पण त्यामागचा व्यवहार जुना आहे. म्हणून थोडे मागे जाऊ.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी लागला. त्या काळापासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षे चित्रपट म्हणजे फिल्मची रिळे, आणि रिळे म्हणजे पत्र्याच्या पेट्या. एक प्रत काढायला बराच पैसा लागे, म्हणून प्रती मोजक्या निघत. मुंबईच्या मोठ्या चित्रपटगृहातला जोर ओसरला की तीच प्रत नागपूर-अमरावतीसारख्या शहरांत, तेथून जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला आणि शेवटी यात्रेतल्या तंबूत जाई. तोवर तिच्यावर ओरखडे उठलेले असत, मधले तुकडे गेलेले असत, एखाद्या गाण्याचे कडवेही गळालेले असे. पण पाहणाऱ्याला त्याचे काय? त्याच्यासाठी तो नवाच होता.

आता यातली मेख लक्षात घ्या. चित्रपटगृहवाला आपल्याला खुर्ची, अंधार आणि पडदा देतो हे खरे. पण त्याबरोबर तो आणखी एक वस्तू विकत असतो. ती वस्तू म्हणजे वेळ. “हा खेळ आज इथेच दिसेल, दुसरीकडे पाहायचा तर थांबावे लागेल,” हे त्याच्या तिकिटावर न छापलेले वचन असते. अमेरिकेत मोठ्या चित्रपट कंपन्यांनी याचे पक्के शास्त्र बनवले होते. पहिल्या फळीच्या चित्रपटगृहानंतर दुसऱ्या फळीने किती दिवस थांबायचे, हे त्या ठरवून देत आणि उत्तमोत्तम चित्रपटगृहेही त्यांच्याच मालकीची असत. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या एकाधिकाराला लगाम घातला. म्हणजे मधल्या मुदतीवरून भांडण हे काही मोबाइल आल्यावर सुरू झालेले नाही.

या रांगेत आपला जिल्हा शेवटी उभा असे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस वाहून न्यायला बांधली गेली. मुख्य लोहमार्ग गाठायचा तर त्या शकुंतलेच्या चालीने किंवा मोटारीने. साहजिकच नवी गोष्ट इकडे उशिरा येई. पण या उशिराची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात माणूस शेतात गुंतलेला असतो. पेरणी, डवरणी, निंदण, खत. खिशातला पैसा जमिनीत गेलेला असतो. पुढे सीतादही होऊन कापूस वेचणीला लागतो, दिवाळीच्या मागेपुढे पहिला पैसा दिसतो, आणि पौष-माघापासून यात्रांचे दिवस येतात. वणीला रंगनाथस्वामींची यात्रा, आर्णीला बाबा कंबलपोशांचा उरूस. अशा यात्रांच्या मैदानांवर महाराष्ट्रभर फिरत्या सिनेमाचे तंबू पडत. म्हणजे मुंबईत पावसाळ्यात लागलेला चित्रपट गावकऱ्यापर्यंत पोहोचायचा तो त्याच्या हाती चार पैसे आणि अंगाला थोडी विश्रांती असताना. रांगेचा शेवट हा अपमान होता खरा, पण तो हंगामाला धरून होता.

ही रांग प्रथम मोडली ती व्हिडिओने. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, पुढील दोन-तीन वर्षांत लहान प्रक्षेपण केंद्रे देशभर उभी राहिली आणि आठवड्याचा चित्रपट घरात आला. त्याच सुमारास व्हिडिओ यंत्र एका रात्रीच्या भाड्याने आणायचे, सोबत तीन कॅसेटी, आणि अंगणात सारी आळी बसवायची, ही तऱ्हा सुरू झाली. चोरट्या कॅसेटी तर चित्रपट लागल्याबरोबर फिरू लागल्या. चित्रपटगृहांची अखेर झाली असे त्या वेळी पुष्कळांनी लिहून टाकले.

आणि तरीही १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. बायका बैलगाड्या आणि ट्रॅक्टर करकरून त्याला गेल्या. १९९४ च्या ऑगस्टमध्ये राजश्रीचा ‘हम आपके हैं कौन’ आला, तेव्हा निर्मात्यांनी एक धीट गोष्ट केली. व्हिडिओ कॅसेट बाजारात आणायचीच नाही असे त्यांनी ठरवले, आणि चित्रपटही सुरुवातीला मोजक्याच चित्रपटगृहांत लावला. पाहायचे तर टाकीजातच या! लोक आले, पुन्हा पुन्हा आले, आणि तो चित्रपट त्या काळातला सर्वांत मोठ्या कमाईचा हिंदी चित्रपट ठरला. घर बंद ठेवले की टाकीज भरते, असा धडा धंद्याने त्यातून घेतला. धडा अर्धा खरा होता. ‘माहेरची साडी’ने तर व्हिडिओच्या भर अमदानीत गर्दी खेचली होती.

दुसरा बदल अधिक खोल होता. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रपटगृहात उतरवण्याची सोय भारतात सुरू झाली आणि दशकभरात फिल्मची रिळे जवळजवळ नाहीशी झाली. पत्र्याची पेटी गेली, तिची वाट पाहणेही गेले. मुंबईला शुक्रवारी लागलेला चित्रपट यवतमाळलाही त्याच शुक्रवारी लागू लागला. रांगेत शेवटी उभा असलेला माणूस एकदम पहिल्या ओळीत आला. याचा आनंद कोणाला होणार नाही? पण एकाच दिवशी सगळीकडे लागलेला चित्रपट सगळीकडून एकाच वेळी उतरतोही. पूर्वी जो चित्रपट वर्षभर गावोगाव हिंडत असे, तो आता दोन-तीन आठवड्यांत आटोपू लागला.

२०१६ साली नेटफ्लिक्स आणि अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओने इंटरनेट स्वस्त केले. हॉटस्टार वर्षभर आधीच होते. तेव्हा हिंदी चित्रपटाने साधारण आठ आठवडे चित्रपटगृहात काढावेत आणि मग घरी यावे, असा संकेत होता. २०२० मध्ये करोनाची साथ आली, चित्रपटगृहांना कुलपे लागली आणि संकेत मोडला. १२ जून २०२० रोजी ‘गुलाबो सिताबो’ थेट घरी आला. उलट ‘सूर्यवंशी’चे निर्माते थांबले. मार्च २०२० मध्ये लागणारा तो चित्रपट ५ नोव्हेंबर २०२१ रोजी, महाराष्ट्रातील चित्रपटगृहे उघडल्यावर दोन आठवड्यांनी लागला आणि भरभरून चालला. मध्यंतरी मुदत चार आठवड्यांवर आली होती. ऑगस्ट २०२२ पासून हिंदी चित्रपटांसाठी ती पुन्हा आठ आठवडे झाली. दक्षिणेकडच्या भाषांत मात्र चार आठवड्यांचीच रीत बरीचशी टिकली. २०२३ च्या ऑक्टोबरात ‘लिओ’ या तमिळ चित्रपटाची हिंदी आवृत्ती मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी लावली नाही, ती यावरूनच.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय? आपल्याकडे माणूस सरळ म्हणतो, “महिन्या-दीड महिन्यानं घरीच दिसते, मंग काहून जाचं टाकीजात?” बोलणे खोटे नाही. पण इतिहासाच्या वर्गात मी मुलांना एक गोष्ट नेहमी सांगतो. एकामागून दुसरी गोष्ट घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. पडलेला चित्रपट लवकर घरी येतो हे खरे. पण लवकर आला म्हणून तो पडला, की पडला म्हणून त्याला लवकर आणले? औषध घेतलेले लोक जास्त आजारी दिसतात, म्हणून औषधाने आजार होतो असे कोणी म्हणेल काय?

दाखले पाहा. ‘पुष्पा’ १७ डिसेंबर २०२१ रोजी लागला. त्याची हिंदी आवृत्ती १४ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे चारच आठवड्यांनी, घरी आली. त्यानंतरही ती चित्रपटगृहांत चालत राहिली आणि पुढे तिने शंभर कोटींचा टप्पा गाठला. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी लागला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत फिरू लागली. तरी खेळ वाढवावे लागले. ‘तुंबाड’ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१८ साली तो बेताचाच चालला, मग वर्षानुवर्षे घरी पाहायला मिळत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा दुप्पटीहून जास्त कमाई झाली. घरी फुकटासारखा पडून असलेला चित्रपट पाहायला लोकांनी तिकीट काढले!

मग मुदतीला काही अर्थच नाही काय? आहे, आणि तो ‘कांतारा’सारख्या चित्रपटात दिसतो. त्याची हिंदी आवृत्ती १४ ऑक्टोबर २०२२ रोजी लागली. पहिल्या दिवशी कमाई सव्वा कोटीच्या आसपास. नायकाचे नाव इकडे कोणाला ठाऊक नव्हते. पण एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि अखेरीस आकडा पंचाहत्तर कोटींच्या पुढे गेला. ही आवृत्ती घरी आली ९ डिसेंबरला, पुरत्या आठ आठवड्यांनी. तोंडोतोंडी पसरायला वेळ लागतो. ज्याचा नट मोठा, जाहिरात मोठी, त्याला पहिले तीन दिवस पुरतात. ज्याच्यामागे नाव नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून मुदत कमी केली तर मोठ्याचे थोडे जाते आणि लहानाचे पुष्कळ जाते. मराठी चित्रपट बहुधा दुसऱ्या वर्गात मोडतो, हे ध्यानात ठेवा.

चित्रपटगृहवाल्याचा हिशेबही असाच आहे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात तंटा होऊन दोन महिने नवे हिंदी चित्रपट लागले नाहीत. शेवटी तडजोड झाली. कर वजा जाता तिकिटाच्या दर शंभर रुपयांपैकी पहिल्या आठवड्यात वितरकाला ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे चित्रपटगृहाला अनुक्रमे ५०, ५७.५, ६२.५ आणि ७०. चित्रपट जितका जुना होईल तितका चित्रपटगृहाचा वाटा मोठा. मग घरचा मुक्काम अलीकडे ओढला की कापले जातात ते नेमके शेवटचे आठवडे, ज्यांत रुपयातले सत्तर पैसे टाकीजवाल्याचे असतात. तालुक्याच्या एकपडदा चित्रपटगृहाचे करार निराळे असतात, कुठे भाडे तर कुठे टक्का. पण संथपणे भरणाऱ्या आठवड्यांवर जगण्याची गरज त्यालाच अधिक. निर्मात्याने तर घरचे हक्क पुष्कळदा आधीच विकलेले असतात. चित्रपट चालो न चालो, ती रक्कम त्याला मिळते. टाकीजवाल्याला दुसरे दार नाही.

ही मुदत ठरवते कोण? फ्रान्समध्ये ती सरकारी देखरेखीखाली ठरते. तेथे नेटफ्लिक्सला पूर्वी ३६ महिने थांबावे लागे, जानेवारी २०२२ च्या करारापासून १५ महिने. आपल्याकडे कायदा नाही, आपसांतला करार आहे. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’ या चित्रपटाच्या निर्मात्यांनी, तो लागायच्या आदल्या दिवशी, चित्रपटगृह टाळून थेट घरी आणण्याचे जाहीर केले. मल्टिप्लेक्स कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तडजोडीने चित्रपट २३ मे रोजी पडद्यावर आणि ६ जूनला घरी आला, दोनच आठवड्यांत. या वाटाघाटींच्या मेजावर मोठा निर्माता असतो, मोठी साखळी असते, मोठी ओटीटी कंपनी असते. उमरखेड-घाटंजीचा प्रेक्षक तेथे कोणाला आठवत असेल?

आणि मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे. आठ आठवडे हा शहराच्या पंचांगाचा हिशेब आहे. ‘बाईपण भारी देवा’ हा मराठी चित्रपट ३० जून २०२३ रोजी लागला. शहरांत बायका नटूनथटून, टोळ्या करून गेल्या. त्याची कमाई पाऊण शतक कोटींच्या पुढे गेली. २५ ऑगस्टला तो घरी आला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, पोळा १४ सप्टेंबरला आला. म्हणजे आमच्याकडची बाई निंदणाला जात होती तेवढ्यात चित्रपट लागला, गाजला आणि पडद्यावरून उतरून घरीही पोहोचला. बैलांचा सण यायचाच होता, कापसाचे बोंड फुटायचे होते. ती टाकीजात गेली नसेल, तर ते ओटीटीमुळे म्हणायचे काय? उलट ‘सैराट’ आला उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, माणूस रिकामा असताना. हंगाम हे एकच कारण, असा माझा दावा नाही. पण गल्ल्याचा हिशेब मांडताना हा रकाना कोणी भरतच नाही.

येथे कोणी म्हणेल, मग घरचा सिनेमा वाईटच की! तसे म्हणणे अन्यायाचे होईल. झरी-जामणीच्या मास्तरीणबाईंना, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना, रात्रीची एसटी नसलेल्या गावाला मुंबईबरोबर एकाच रात्री एकच चित्रपट दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. शंभर वर्षे रांगेच्या शेवटी काढलेल्या माणसाला पुन्हा मागे जाऊन उभा राहा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? प्रश्न एवढाच, की घर मिळाले म्हणून चौक गमवावा काय. टाकीजात पाटील, मजूर, मास्तर आणि विद्यार्थी एकाच अंधारात बसतात, एकाच जागी हसतात. तालुक्याचे टाकीज एकदा बंद पडून तेथे मंगल कार्यालय झाले, की ते पुन्हा टाकीज होत नाही.

उपाय अवघड नाहीत. लहान चित्रपटांना पुरती मुदत मिळावी, आणि ती आधी जाहीर व्हावी. दुसरे, चित्रपट घरी आला म्हणून त्याला कायमचा निकालात काढू नये. ‘तुंबाड’ने दाखवलेली वाट आपल्या जिल्ह्याला अधिक सोयीची आहे. पावसाळ्यात लागून गेलेला चांगला मराठी चित्रपट कापूस विकल्यावर, यात्रेच्या दिवसांत, स्वस्त तिकिटात पुन्हा लावावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, त्याचाही फायदा घेता येईल. आता पत्र्याची पेटी यायची नाही, ओरखडेही नाहीत. एका दिवसासाठी खेळ मागवणे पूर्वीपेक्षा सोपे आहे.

शिक्षकबंधू-भगिनींना शेवटी एक विनंती. येत्या सुटीत मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून चार गोष्टी विचारून वहीत लिहायला सांगा. आजी-आजोबांनी पहिला सिनेमा कोणता पाहिला, तो कोणत्या महिन्यात, किती दूर जाऊन आणि तिकीट काय होते? शेजारी आई-वडिलांची आणि स्वतःची उत्तरे लिहावीत. तीन पिढ्यांचे तीन रकाने होतील. महिन्याच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. वऱ्हाडातला माणूस सिनेमाला केव्हा जात होता आणि केव्हा जाऊ शकत नव्हता, हे मुंबईच्या हिशेबवहीत नाही. ते त्या चाळीस पानी वहीत सापडेल.